आत राखलेलं कापड

गोळीबार चौकातून पाचपावलीकडे वळलं
की डाव्या हाताला तिसरं दुकान माझं.
जूनमध्ये शाळांचे कपडे येतात,
त्यांत दहा-बारा स्काऊटचे:
राखाडी सदरा, गडद निळी पॅन्ट,
खिसे दोन, झाकणाचे.

सुगत गजभिये. वहीत आहे अजून.
छाती चोवीस, बाही साडेसहा.
आई म्हणाली, "आत दोन इंच राखा जी,
दरवर्षी नाही शिवणं होत."
पोरगा टेपखाली असा उभा
जशी कोणी झडती घेऊन राहिलं त्याची.
नाव विचारलं तर आईकडे पाहिलं.

हिवाळ्यात एकटा आला.
मुठीत घामेजलेला बिल्ला, प्रवेशाचा.
"डाव्या बाहीवर," म्हणाला.
एवढंच.
दहाची नोट मशीनवर ठेवून गेला.

मग दोरी घेऊन यायला लागला.
मी चाळीस वर्षं गाठी मारणारा, दातानं धागा तोडणारा,
आणि हा मला सांगतो,
"काका, तुमची गाठ चुकली.
उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर,
नाहीतर ताण पडला की सरकते."
मशीनच्या पायाला बांधून दाखवली.
मी ओढली. नाही सरकली.
आधी राग आला मला, मग हसू.

दुसऱ्या सोपानाला नापास झाला.
उत्तर दिशा चुकली म्हणे.
ठवकर सर ओरडले नाहीत,
फक्त म्हणाले, पुढच्या महिन्यात पुन्हा ये.
तो महिनाभर, दुकान बंद करायच्या वेळी,
माझ्या पायरीवर उभा राहायचा मान वर करून,
विजेच्या तारांच्या गुंत्यात
ध्रुवतारा शोधत.
मीही पाहायचो.
मला काही दिसला नाही. त्याला दिसला असावा.

"पेट्रोल लीडर झालो, काका."
मला वाटलं पंपावर लागला.
तेव्हा पहिल्यांदा हसला तो माझ्या दुकानात,
इतका, की समोरचा पानवाला पाहायला आला.
खिशावर दोन पट्ट्या लावल्या मी.
पैसे नाही घेतले. त्यानं ठेवलेच.

खिंडसीच्या शिबिरातून परतला
तेव्हा स्कार्फवर तपकिरी डाग.
शेंड्यांचं लहानगं दगडावरून घसरलं होतं,
त्याचा गुडघा बांधला म्हणाला.
आठ जणांचा डाळभात करपवला हेही सांगितलं,
न विचारता.
"खालचा मी खाल्ला. वरचा चांगला होता."

दरवर्षी मे महिन्यात आई सदरा आणायची
आणि मी खालची घडी उसवायचो.
इथलं ऊन कापडाला सोडत नाही,
पाठ, खांदे, सगळं विटून पांढुरकं.
पण घडीच्या आतून निघायचा तो पट्टा
ताज्या शिसवी राखेसारखा, 
ऊन न पाहिलेला.
इतके दिवस तिथेच होता,
मीच दुमडून ठेवलेला.

तिसऱ्या उन्हाळ्यात उसवायला काही उरलं नाही.

राज्य पुरस्काराचा बिल्ला
त्यानं स्वतःच शिवला, माझ्या सुईनं.
टाके वाकडे. एक तर चक्क खिशातून आरपार.
मी कात्री उचलली आणि खाली ठेवली.
जाताना डावा हात पुढे केला, त्यांची रीत.
माझा डावा हात जन्मभर
कापड धरून राहिला,
कामं सगळी उजव्याची.
त्याला कोणी मागितलं नव्हतं कधी.

यंदा जूनमध्ये पुन्हा आला.
आवाज फुटलेला, ओठावर काळी रेघ.
सोबत एक पोरगा, किडकिडीत,
आणि तोच सदरा, धुऊन इस्त्री केलेला.
"याच्या मापाचा करा, काका.
कापू नका. आत दुमडा."

मी टेप काढला. वही उघडली.
नाव विचारलं.
पोरानं सुगतकडे पाहिलं.

सुगत रस्त्याकडे पाहत राहिला,
जाणाऱ्या सायकलरिक्षा मोजल्यासारखा.
मी पेन धरून थांबलो.